लाल गोळी परळहून निघाली, त्याची गोष्ट

आपल्याकडे गरोदर बाईचं नाव सरकारी दवाखान्यात नोंदवलं की नर्सबाई किंवा आशाताई हातात लाल गोळ्यांच्या स्ट्रिपा ठेवतात. रोज एक घ्यायची, १८० दिवस. आणि घरी आल्यावर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, कुणी म्हणतं गरम पडतात, कुणी म्हणतं बाळ काळं होतं, कुणी म्हणतं आम्ही नाही घेतल्या तरी चार पोरं झालीच ना. माझ्या वहिनीच्या सातव्या महिन्यात मी स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होतो तर तांदळाच्या डब्यामागे न फोडलेल्या चार स्ट्रिपा सापडल्या. तिचं हिमोग्लोबिन तेव्हा साडेआठ होतं. विचारलं तर म्हणाली मळमळतं, शी काळी होते, मला वाटलं आत काही बिघडलं. लोहाच्या गोळीने शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी या गोळीचा इतिहास शोधत बसलो. या गोळीत लोहाबरोबर फॉलिक अॅसिड असतं, आणि त्या फॉलिक अॅसिडची सुरुवात झाली आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत. हे वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला कारण शाळेत हे कधीच कुणी शिकवलं नाही.

साल १९२८. मुंबईत गरोदर बायका एका विचित्र अॅनिमियाने, म्हणजे रक्त कमी होण्याच्या आजाराने, आजारी पडत होत्या, मरतही होत्या. हा नेहमीचा लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया नव्हता. लोह कमी असलं की रक्तातल्या लाल पेशी लहान आणि फिकट होतात, इथे उलट होतं, पेशी मोठ्या व्हायच्या पण संख्येने फार कमी. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका आणि पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायका यांच्यात तो जास्त दिसायचा. बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करायला एक अभ्यास सुरू झाला, त्यासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टचा पैसा होता, आणि डॉ. मार्गारेट बालफोर यांच्या बोलावण्यावरून इंग्लंडहून लुसी विल्स नावाची डॉक्टर इथे आली. जन्म १८८८ चा, म्हणजे चाळिशीची बाई, आधी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेली आणि डॉक्टर बरीच उशिरा झालेली.

हिने काय केलं तर नुसतं रक्त तपासून थांबली नाही, बायका खातात काय आणि राहतात कशा हे बघायला लागली. १९३० साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये तिचा मुंबईतल्या बायकांच्या आहाराचा आणि राहणीमानाचा सर्व्हे छापून आला, आणि त्यावर विल्ससोबत दुसरं नाव आहे तळपदे. त्याच मालिकेतल्या आधीच्या पेपरवर मेहता हे नाव आहे. जगभरात ही गोष्ट एकट्या लुसी विल्सची म्हणून सांगतात, तिचं श्रेय मोठं आहेच, पण इथली माणसं सोबत नसती तर चाळीत जाऊन आज काय शिजलं, भाजी होती का, दूध किती, हे सगळं कोण विचारणार होतं. आणि ज्या बायकांनी स्वतःचं रक्त दिलं, आपल्या चुलीवर काय शिजतं ते सांगितलं, त्यांची तर नावंही कुठे नाहीत.

सर्व्हेतून दिसलं ते साधंच होतं. ज्या बायकांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नाहीच, त्यांना हा आजार जास्त. मग तसाच आहार विल्सने आधी उंदरांना आणि नंतर माकडांना देऊन पाहिला. त्या काळात मोठ्या पेशींच्या अॅनिमियावर प्राण्याचं लिव्हर खायला द्यायचे, १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फीने ते सिद्ध केलं होतं आणि पुढे १९३४ ला त्याला नोबेल मिळालं. पण लिव्हरचा अर्क महाग, गरीब बाईला परवडणार कसा. म्हणून विल्स स्वस्तातलं काही शोधत होती आणि तिने यीस्टचा अर्क वापरून पाहिला. मार्माइट म्हणून इंग्लंडात पावाला लावून खातात तो काळा, खारट, चिकट पदार्थ, बिअर बनवून झाल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून करतात. आजारी माकड त्यावर सुधारलं, मग बायकांना दिला आणि त्या काही दिवसांत सावरायला लागल्या. १९३१ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने हे छापलं.

मार्माइटमध्ये नेमकं काय काम करतंय हे मात्र तिला तेव्हा माहीत नव्हतं. त्या अज्ञात गोष्टीला लोक विल्स फॅक्टर म्हणायला लागले. पुढे तिनेच दाखवलं की शुद्ध केलेला लिव्हरचा अर्क या बायकांना उपयोगी पडत नाही, पण कच्चा अर्क पडतो, म्हणजे लिव्हरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक नंतर व्हिटॅमिन बी १२ म्हणून १९४८ मध्ये सापडली, आणि दुसरी हीच आपली.

१९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालक घेऊन त्यातून एक पदार्थ वेगळा काढला, चार टन! पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात त्यावरून नाव पडलं फॉलिक अॅसिड. ते प्रयोगशाळेत बनवलं १९४५ च्या सुमारास लेडर्ली कंपनीच्या टीमने, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. १९४८ ला ते गेले, त्यांच्याबद्दलही आपल्याकडे फार थोड्यांना माहिती आहे.

इथपर्यंत हे आईच्या रक्ताचं औषध होतं. बाळाचा संबंध नंतर कळला. पोटात बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा तयार होताना आधी एक नळी बनते आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, नीट बंद नाही झाली तर बाळाला स्पायना बायफिडा वगैरे दोष होतात, काही बाळं जगतच नाहीत. १९६० च्या दशकात लिव्हरपूलमधल्या डॉक्टरांनी याचा फोलेटशी, म्हणजे अन्नात असतं त्या रूपातल्या फॉलिक अॅसिडशी, संबंध असावा असं मांडलं, आणि १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची मोठी ट्रायल आली, सात देशांतली ३३ केंद्रं, आधी असं बाळ झालेल्या बायका घेतलेल्या. त्यात फॉलिक अॅसिड घेतलेल्यांमध्ये ६ आणि न घेतलेल्यांमध्ये २१ बाळांना दोष निघाला, म्हणजे ७२ टक्के फरक. पुढे १९९८ पासून अमेरिकेत धान्याच्या पिठात फॉलिक अॅसिड मिसळणं सक्तीचं झालं.

आता २८ दिवस म्हणजे काय ते बघा. पाळी चुकली, टेस्ट केली, घरात सांगितलं, दवाखान्यात नाव घातलं, तोवर दीड-दोन महिने सहज जातात आणि ती नळी बंद होऊन गेलेली असते. म्हणजे बाळाच्या कण्यासाठी जी गोळी हवी ती गरोदर राहायच्या आधीपासून हवी, आणि आपल्याकडे गोळीचा विषयच दिवस गेल्यावर सुरू होतो.

आपल्या सरकारी कार्यक्रमाचं असं झालं की तो अॅनिमियाच्या बाजूने आला. १९७० मध्ये नॅशनल न्यूट्रिशनल अॅनिमिया प्रोफिलॅक्सिस प्रोग्राम सुरू झाला, लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम, नंतर लोह १०० केलं, १०० दिवस घ्या म्हणाले, २०१८ च्या अॅनिमिया मुक्त भारतमध्ये परत ६० आणि दिवस १८०, बाळंतपणानंतरही तितकेच. इतकं सगळं होऊनही एनएफएचएस ५ या सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ ला, देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के अॅनिमिक होत्या आणि पूर्ण १८० दिवस गोळ्या घेतलेल्या फक्त २६ टक्के. माझ्या वहिनीसारखे किती तांदळाचे डबे असतील विचार करा. गोळी पोचते, पण ती का घ्यायची, मळमळ झाली तर रात्री जेवल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नको, वरून लिंबू पिळलेलं काही खा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घे, हे पोचत नाही.

आणि आपल्या घरातली परंपरा बघितली तर ती सुद्धा बाळंतपणानंतरचीच आहे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, जेवणानंतर बाळंतशोपा, सगळं बाळंतिणीसाठी. ते चांगलंच आहे, अळिवात लोह भरपूर असतं, आणि निदान सव्वा महिना तरी सून आधी जेवते. पण त्याच्या आधी, सासरी नवीन आलेली मुलगी सगळ्यात शेवटी बसून भांड्याच्या तळाशी उरलेली भाजी आणि पोळी खाते, तिच्यासाठी कुठला लाडू आहे?

हाच विचार पुन्हा मुंबई-पुण्यातूनच पुढे गेला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जवळच्या सहा गावांत पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी सुरू केला. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांच्या बाळांचं वजन चांगलं निघालं. आणि दुसरं असं दिसलं की इथे फोलेट कमी असलेल्या बायका थोड्या, पण बी १२ कमी असलेल्या निम्म्याहून जास्त, कारण दूध-मांस-अंडी ताटात नाहीत. फोलेट भरपूर आणि बी १२ कमी अशा आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सगळ्यात जास्त सापडला, म्हणजे पुढे डायबेटिसचा धोका. नुसती एकच गोळी वाढवत नेली की काम झालं असं नाही. विल्सने लिव्हरमधल्या ज्या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं दाखवलं होतं त्या याच, फोलेट आणि बी १२, नव्वद वर्षांनी त्याच दोन परत शेजारी ठेवून बघायची वेळ आलीये.

मग २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्टीत आणखी एक अभ्यास झाला, प्रोजेक्ट सरस. हजारो बायकांना गरोदर राहायच्या आधीपासून रोज एक खाऊ द्यायचा, समोसा-वडीसारखा, आत पालेभाजी, फळ, दूध पावडर, आणि दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळाच्या वजनात ठळक फरक नाही आला, पण ज्यांनी दिवस जायच्या आधी तीन महिने तरी तो खाल्ला त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड होती, आणि गरोदरपणातला डायबेटिस १२ टक्क्यांच्या जागी ७ टक्के. ४८ ग्रॅम ऐकायला थोडे वाटतात, पण ते रोजच्या एका पालेभाजीच्या वडीतून आलेत.

बाजाराचंही थोडं सांगायला हवं. तान्ह्या बाळाच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ ला तो आणखी कडक झाला, आणि ते योग्यच झालं. पण गरोदर बाईसाठीच्या पावडरचे डबे तसे मोकळे आहेत, त्यामुळे लेबल वाचा, बऱ्याच डब्यांत दूध पावडर, साखर आणि वरून व्हिटॅमिनं असतात. हातात तेवढे पैसे असतील तर रोज अंडं, दूध, एक फळ आणि माठ-पालकाची जुडी आधी आणा, आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या घ्या.

वहिनीचं सगळं नीट पार पडलं, शेवटचे दोन महिने रोज रात्री जेवण झालं की मी पाणी आणि गोळी घेऊन उभा राहायचो. आता मावसबहिणीचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. मावशीने आत्तापासून डिंक आणि खारकांची यादी काढून ठेवलीये, नातवंडाच्या वेळची. मी बहिणीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो, हिमोग्लोबिन आणि बी १२ तपासून घेतलं आणि फॉलिक अॅसिड कधीपासून सुरू करायचं ते विचारून आलो. स्ट्रिप तिने चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती, ती उचलून मी ताटाळ्यावर ठेवली, जेवायला घेताना दिसेल अशी.