बटण दाबलं तरी गाडी चालू होत नाही? टोइंगला फोन करण्याआधी हे बघा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक – गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे)

बटण दाबून चालू होणारी गाडी वावरात नाहीतर बाजाराच्या गावी अडली की माणूस पहिला दोष बटणाला देतो. बटण स्वतः खराब होणं मात्र फार क्वचित घडतं. ते फक्त गाडीच्या कॉम्प्युटरला इशारा देतं. मग कॉम्प्युटर तपासतो: ओळखीची चावी आत आहे का, क्लच किंवा ब्रेक दाबलाय का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’मध्ये (न्यूट्रल) आहे का, स्टिअरिंगचं लॉक सुटलं का. सगळं जुळलं तरच स्टार्टरला, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरला, करंट जातो. यातली एक गोष्ट चुकली तरी गाडी गप्प बसते. म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा आणि कान द्या.

मीटर अजिबात पेटत नाही, आतला दिवाही लागत नाही, तर मोठी बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे. मीटर पेटतो पण चावीचं चिन्ह लुकलुकतं किंवा चावी सापडत नाही असा संदेश येतो, तर चावीचा सेल बघा. मीटर व्यवस्थित पेटतो, चावीची तक्रार नाही, तरी स्टार्टर हलत नाही, तर बहुधा क्लच किंवा ब्रेकच्या पेडलचा दोष. बॉनेटखालून ‘टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला तर बॅटरीत दम नाही. दिवे प्रखर असताना एकदाच ‘टक्’ होऊन शांतता, तर स्टार्टर मोटर किंवा तिची जाड वायर. आणि स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर तो दोष इंधनाचा किंवा सेन्सरचा. त्यासाठी गाडी आम्हालाच दाखवा.

चावीचा सेल

चावीत नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. बऱ्याच गाड्यांत तो सीआर २०३२ असतो, काहींत सीआर २०२५ किंवा सीआर १६३२. शेवटचे दोन आकडे जाडी सांगतात: ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर. पातळ सेल जाडाच्या जागी बसलेला दिसतो, पण पत्री नीट टेकत नाही आणि गाडी अधूनमधून चावी ओळखेनाशी होते. म्हणून जुन्या सेलवरचा नंबर वाचूनच नवा घ्या. दाराचं लॉक आधी लांबून उघडायचं आणि आता अगदी जवळ गेल्यावरच उघडतं, ही सेल संपत आल्याची खूण. त्याच आठवड्यात बदलून टाका.

बदलायला पाच मिनिटं लागतात. चावीच्या बाजूची खिटी सरकवून आतली लोखंडी चावी बाहेर काढा. त्या खाचेत चपटा पेचकस घालून हळूच पिळा. टोकाला कापड गुंडाळा म्हणजे चरे पडत नाहीत. जुना सेल काढण्याआधी ‘+’ची बाजू वर आहे की खाली, हे बघून ठेवा. नवा सेल कडेने धरा. सेल बदलला की चावीचं कोडिंग (गाडीशी असलेली ओळख) जातं, अशी भीती अनेकांना असते. तसं काही होत नाही.

जुना सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठा.

सेल पूर्ण संपला तरी गाडी चालू होते, हे पुष्कळांना माहीत नसतं. चावीत आणखी एक बारीक चिप असते, तिला सेल लागत नाही. टोलनाक्यावरच्या फास्टॅगमध्ये तरी कुठे सेल असतो! समोरच्या यंत्राच्या तरंगांवर तो जागा होतो, तशीच ही चिप. लोखंडी चावीने दार उघडा, क्लच किंवा ब्रेक दाबा, रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवा आणि बटण दाबा. काही गाड्यांत रिमोटनेच बटण दाबायचं असतं. एका बाजूने जमलं नाही तर दुसरी बाजू लावून बघा. काही मॉडेलांत बटणाऐवजी चावी ठेवायची खाच कन्सोलमध्ये असते. गाडीच्या पुस्तकात तिचं चित्र सापडेल.

चावी आणि मोबाइल एकाच खिशात असले, किंवा चावी चार्जरजवळ पडलेली असली, तरी कधी कधी गाडी चावी ओळखत नाही. दोन्ही हातभर लांब ठेवून पुन्हा प्रयत्न करा.

पाय आणि गिअर

हाताच्या गिअरच्या गाडीत क्लच तळापर्यंत गेला पाहिजे. पावसाळ्यात चिखलासाठी मूळ मॅटवर आणखी एक जाड मॅट टाकली जाते, तिने क्लच बोटभर वरच अडतो आणि आतलं स्विच दाबलं जात नाही. मॅट ओढून बाजूला करा. ऑटोमॅटिकमध्ये कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा: मागचे ब्रेक लाइट लागत नसतील तर ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय, गाडी ‘एन’मध्येही चालू होणार नाही. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच टाका.

बटण दाबल्यावर स्टिअरिंग लॉकचा संदेश आला, तर चाक धुऱ्याला किंवा दगडाला टेकून वळलेलं असण्याची शक्यता जास्त. लॉकची पिन दाबाखाली अडकते. स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवत हलवतच बटण दाबा.

बॅटरी आणि आपला उन्हाळा

विदर्भात बॅटरी मरते ती उन्हाने. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यात इंजिनची धग. आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. गाडी तेव्हा कशीबशी चालते आणि डिसेंबरच्या पहिल्या थंड सकाळी दगा देते.

बॅटरीचे व्होल्ट मोजायला सुईचा मीटर नको, साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसावेत, काही नव्या गाड्या मुद्दाम कमी चार्ज करतात, त्यामुळे फक्त या आकड्यावरून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलू नका.

टर्मिनलवर पांढरट-हिरवा फुलोरा दिसला तर आधी उणे, मग अधिक टर्मिनल सोडा. बऱ्याच गाड्यांत नट १० नंबरचा असतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशने घासा, मात्र ते पाणी बॅटरीच्या तोंडातून आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा. बसवताना आधी अधिक, शेवटी उणे. वरून व्हॅसलिनचा हात द्या. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका, विहिरीचं किंवा आरओचं नाही.

ट्रॅक्टरवरून जंप देता येतो, म्हणजे त्याच्या बॅटरीचा करंट वायरींनी घेऊन गाडी चालू करता येते, पण त्याच्या बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलंय हे वाचून. ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात. तो करंट गाडीचा कॉम्प्युटर जाळतो आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उण्याला, शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. पाच मिनिटं थांबून स्टार्ट करा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर फिरवू नका. वायरी उलट्या क्रमाने काढा.

बॅटरी पूर्ण उतरलेली असताना धक्का मारून उपयोग नाही: गाडीतल्या इंधनाच्या पंपाला आणि कॉम्प्युटरलाच करंट नसतो.

सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल, तर जुन्या बॅटरीवर एजीएम किंवा ईएफबी (सारखं बंद-चालू सोसणाऱ्या बॅटरीच्या जाती) लिहिलेलं असतं. त्याच जातीची बॅटरी बसवा, साधी नाही.

उंदीर

सोयाबीन, तूर, कापूस घरात आला की उंदीरही येतात. कोठ्याजवळ किंवा पोत्यांशेजारी उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये ते घर करतात आणि स्टार्टरची, क्लच स्विचची बारीक वायर कुरतडतात. बॉनेट उघडून लेंड्या, पऱ्हाटीचा कचरा, वायरीचे तुकडे दिसले तर पुढे बटण दाबू नका. टेप गुंडाळून काम भागवू नका, शॉर्ट होऊन आग लागू शकते.

आम्हाला फोन कराल तेव्हा

मीटर पेटतो का, चावीचं चिन्ह येतं का, आवाज कसा आला, दुसऱ्या चावीने प्रयत्न केला का, एवढं सांगा. मीटरचा फोटो पाठवला तर आणखी बरं. त्यावरून सेल आणायचा, जंपच्या वायरी आणायच्या की स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं यंत्र), हे आम्हाला ठरवता येतं आणि दुसरी फेरी वाचते. दुसरी चावी कपाटात असेल तर तिचा सेलही बघून ठेवा. न वापरताही तो उतरतो.