पिवळ्याधमक ढेपेतला गंधक

गूळ घेताना आपला हात आपसूक पिवळ्याधमक ढेपेकडे जातो. तांबूस-काळपट गूळ दिसला की ‘जुना असेल’ म्हणून बाजूला. व्यापारीही रंग बघून भाव करतो आणि मग गुऱ्हाळावर हायड्रोसची पुडी येते.

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या रंगकामात, रंग उतरवायला वापरतात तेच. काहिलीतल्या उकळत्या रसात ते पडलं की तांबडा रंग बघता बघता फिकट होतो. रंगद्रव्य कुठे जात नाही, त्याचं क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलटी क्रिया) होतं इतकंच. पुढे हवेतल्या ऑक्सिजनने रंग बराचसा परततो. म्हणून ती देखणी ढेप घरात पडून काळवंडते. मळी काढायचं खरं काम भेंडीच्या चिकाने आधीच केलेलं असतं. हायड्रोसने गुळाची गोडी वाढत नाही. मागे उरतो गंधकाचा अंश. आपल्या नियमांत गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला 70 पीपीएमची, म्हणजे किलोमागे 70 मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

याच गंधकाच्या घराण्यातलं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मात्र उपयोगाचं. घरी स्क्वॅश करणाऱ्यांचं ‘केएमएस’. लिंबाच्या आंबटपणात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, यीस्टच्या पेशीत शिरतो आणि रस आंबू देत नाही. बाटली उघडताच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो, तो त्याचाच. कोकम किंवा जांभळाच्या सरबतात केएमएस घालू नये, लाल-जांभळा रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट.

धोका किती? सल्फर डायऑक्साइडचं रोज आयुष्यभर चालेल असं प्रमाण शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.7 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 42. स्क्वॅशची मर्यादा 350 पीपीएम. 30 ग्रॅम स्क्वॅशमधून फार तर साडेदहा मिलिग्रॅम पोटात जातं. निरोगी माणसाने घाबरावं असं यात काही नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटने, म्हणजे केएमएससारख्या गंधकाच्या संयुगांनी, धाप लागते. अमेरिकेत सॅलडची पानं ताजी दिसावीत म्हणून सल्फाइट मारत; गंभीर त्रास आणि मृत्यूही नोंदले गेल्यावर 1986मध्ये कच्च्या भाज्या-फळांवर त्याला बंदी आली. शिवाय सल्फाइट ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं.

दमेकऱ्याने बाटलीवर आयएनएस (खाद्यपदार्थांत मिसळलेल्या द्रव्यांचे क्रमांक) 220 ते 228 यांतला आकडा शोधावा. सुट्या ढेपेला लेबलच नसतं.