मेलची पोच कुणी, कधी द्यायची?

‘आमचा फिल्टर एआयवर चालतो, १०० टक्के स्पॅम अडवतो’ अशा जाहिराती सध्या फार दिसतात. १०० टक्के अडवायचा तर कामाचा मेलही अडतो, हे त्यात नसतं. फिल्टर किती हुशार आहे यापेक्षा त्याला मेलच्या वाटेवर कुठे बसवलंय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरवरची नेहमीची मांडणी घेऊ. बाहेरून मेल २५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या एका दारावर, येतो आणि रांगेत, म्हणजे डिस्कवर, लिहिला जातो. तिथून तो १००२४ पोर्टवर अमाविस या तपासणी करणाऱ्या प्रोग्रामकडे, म्हणजे फिल्टरकडे, जातो. अमाविस जोडलेल्या फाइली सोडवतो, क्लॅमएव्हीकडून व्हायरस तपासून घेतो, स्पॅमअसॅसिनकडून तो किती स्पॅमसारखा आहे याचे गुण घेतो आणि मेल १००२५ पोर्टवर परत पोस्टफिक्सच्याच हवाली करतो. एकच मेल एकाच सर्व्हरमध्ये दोनदा शिरतो.

मग तपासणी चालू असताना वीज गेली तर मेल कुणाच्या हातात असतो?

एसएमटीपीमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देताना जे नियम पाळतात त्यांत, मेल संपल्याची खूण म्हणजे एका ओळीत एकटा टिंब. त्यावर घेणारा २५० हा आकडा पाठवतो. ही पोच आहे: यापुढे मेल पोचवणं, नाहीतर पोचला नाही हे कळवणं, ही घेणाऱ्याची जबाबदारी. अमाविस ही पोच लगेच देत नाही. १००२५ कडून त्याला स्वतःला २५० मिळालं, की मगच तो मागे २५० पाठवतो. तोवर मूळ प्रत पोस्टफिक्सच्या रांगेत शाबूत असते. अमाविस मध्येच कोसळला तर पोस्टफिक्स थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. पुढून पोच मिळाली आणि मागे द्यायच्या आत तो कोसळला, तर मेल दोनदा पोचतो. हरवण्यापेक्षा दोनदा पोचलेला बरा, हा हिशेब त्यामागे आहे. घरगुती स्क्रिप्ट लिहिणारे नेमकं इथेच चुकतात: आधी पोच देतात, मग तपासत बसतात.

१००२५ च्या दारावर कंटेंट फिल्टरची सेटिंग, म्हणजे मेल कुठल्या फिल्टरकडे पाठवायचा ते, रिकामी ठेवावीच लागते. राहून गेली तर मेल पुन्हा १००२४ कडे जातो आणि गोल फिरत राहतो. प्रत्येक फेरीत मेलच्या माथ्यावरच्या ‘रिसीव्ह्ड’ (मेल मिळाल्याची नोंद) ओळी वाढतात, ५० ची मर्यादा ओलांडली की पोस्टफिक्स तो परत पाठवतो. १००२५ चं दार फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरतं, उघडं ठेवा, नाहीतर स्पॅमवाल्यांना फिल्टर चुकवायची वाट मिळते. एलियासची (टोपणपत्त्याची) खऱ्या पत्त्यांत उकल दोन्ही दारांवर झाली तर एकाच माणसाला दोन-दोन प्रती जातात, म्हणून ती एकाच दारावर ठेवायची.

या मांडणीत बाहेरच्याला २५० आधीच दिलेलं असतं. त्यामुळे स्पॅम सापडला तरी आता नकार देता येत नाही. परत पाठवला तर तो खोट्या पत्त्याच्या बिचाऱ्या मालकाला जातो. तेव्हा खूण करून पुढे द्या किंवा बाजूला काढून ठेवा. दारातच नाकारायचा असेल तर मिल्टर, म्हणजे पोच देण्याआधीच तपासणारा फिल्टर, लावावा, पण मग तपासणी संपेपर्यंत पाठवणारा सर्व्हर ताटकळतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. फिल्टरची नोंद मेल आत येतानाच रांगेतल्या फाइलमध्ये होते. फिल्टर बंद केला तरी रांगेतले जुने मेल १००२४ चंच दार ठोठावत राहतात. सेटिंग रीलोड केल्यावर पोस्टसुपर या पोस्टफिक्सच्याच कमांडनं ते सगळे नव्यानं रांगेत घातले, की मगच सुटतात.