पडद्यावरची ट्रान्सजेंडर पात्रं पाहून मुलं 'तशी' होतात का?

'मालिकांत ट्रान्सजेंडर पात्रं दाखवतात, म्हणून मुलं तशी होतात,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यामागची काळजी खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

आधी क्रम पाहू. आपण मुलगा की मुलगी, हे बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षाच्या आसपास सांगू लागतात. आज साठीत असलेल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींनी लहानपणी पडद्यावर जवळपास सगळी पात्रं ट्रान्सजेंडर नसलेलीच पाहिली. पाहून ओळख ठरत असती, तर त्यांची वेगळी कशी झाली? शिवाय सिनेमा आला १८९५च्या सुमारास. अशा व्यक्तींच्या नोंदी त्याआधी कित्येक शतकांपासून आहेत.

मेसेजमध्ये 'प्रमाण इतक्या पटींनी वाढलं' असं असेल, तर थांबून तपासा. आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे की सर्वेक्षणातला? सर्वेक्षणात लिंगओळखीचा प्रश्न पहिल्यांदा कोणत्या वर्षी विचारला? दोन्ही वेळचा वयोगट एकच आहे का? फॉर्मवर 'स्त्री' आणि 'पुरुष' या दोनच चौकटी असतील, तर बाकीच्यांची नोंद शून्यच दिसणार. तिसरी चौकट छापली की आकडा वाढतो. माणसं आधीपासून होतीच.

माध्यमांचा परिणाम होतो, पण वेगळ्या जागी. आत जे जाणवतं त्याला शब्द मिळतो, घरी सांगायचा धीर येतो. उलट अशी पात्रं केवळ हशा पिकवायला आली, की मूल गप्प बसतं आणि वर्गात तेच संवाद त्याला ऐकवले जातात. मुलाने स्वतःबद्दल काही सांगितलंच, तर चॅनल बदलू नका. 'कधीपासून वाटतंय?' एवढं विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.