ठाण्याच्या भातखाचरांतील यंत्रांची पार्श्वभूमी

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत आषाढाच्या चिखलात आज बैलजोडीपेक्षा पॉवर टिलरच अधिक दिसतो, आणि यंत्रे आली म्हणून शेतावरची माणसे गेली असा समज आहे. ठाणे जिल्ह्याचा इतिहास पाहता क्रम बराचसा उलटा आहे.

येथील भातशेतीतला जुना वाद यंत्राचा नसून राबाचा होता. राब म्हणजे शेण, टहाळ्या, पालापाचोळा यांचे थर रोपांच्या जागेवर पसरून त्यावर माती टाकायची आणि उन्हाळ्यात ते भाजायचे. त्याने तणाचे बी जळते आणि राखेवर रोप जोमाने उठते. टहाळ्यांवर वनखात्याचे निर्बंध येताच ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत असंतोष पसरला, आणि १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे राबाचा प्रश्न कळीचा ठरला.

१९१९ मध्ये कर्जत येथे भात संशोधन सुरू झाले. पुढे १९५०च्या दशकात जपानी पद्धतीच्या लागवडीचा प्रचार झाला आणि १९६८ मध्ये ‘जया’ ही बुटकी जात आली. रासायनिक खत घालूनही ती लोळत नसे, हा तिचा मोठा लाभ. पण उंच गावठी भाताचा पेंढा विकून हाती येणारे रोख पैसे बुटक्या ताटांनी कमी केले, ही बाजू उत्पादनाच्या आकड्यांत कधी दिसली नाही. कर्जतच्याच ‘सह्याद्री’ या संकरित वाणाने उतारा आणखी वाढवला, मात्र त्याचे बियाणे घरच्या कणगीत राखून चालत नाही, ते दरवर्षी विकत घ्यावे लागते.

दरम्यान १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, आणि १९७०च्या दशकात नवी मुंबईसाठी खाचरे व मिठागरे संपादित होऊ लागली. महिनापगाराची वाट सापडल्यावर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, पंधरवड्यासाठी माणूस मिळणे अवघड झाले. टिलर आला तो ही रिकामी जागा भरण्यासाठी. वर्षभर पोसायच्या बैलांपेक्षा तो परवडतो, भाड्यानेही मिळतो. मात्र डोंगरउतारावरच्या लहान खाचरात तो बांधावरून उतरवायला दोघे लागतात, आणि वळताना सुटलेला कोपरा शेवटी कुदळीनेच खणावा लागतो. बैल विकले की शेणही जाते, शेण गेले की राब पातळ होतो, आणि मग युरियाची गोणी वाढते. टिलरच्या खर्चात ही गोणी सहसा कुणी धरत नाही.

शेजारच्या नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. गादीवाफ्यांवर थेट बी टोकायचे, आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. श्रम व डिझेल वाचते, जमीन सुधारते. मात्र राबाची आग आणि चिखलणी मिळून जे तण आवरत असत, त्यासाठी आता तणनाशकाची फवारणी करावी लागते.