केशवाहिन्या: हार्वेंना न दिसलेला दुवा

शालेय जीवशास्त्रात पेशी, सूक्ष्मदर्शक आणि रक्ताभिसरण संस्था हे विषय वेगवेगळ्या पाठांत येतात, आणि उजळणी करतानाही विद्यार्थी ते वेगवेगळेच पाठ करतात. प्रत्यक्षात हृदयातून निघालेले रक्त हृदयाकडे परत येते कसे, हे कोडे सूक्ष्मदर्शकामुळे सुटले आणि त्याचे कारण पेशींच्या आकारमानात सापडते. म्हणून हे तिन्ही पाठ एकत्रच अभ्यासावेत, असे मला ठामपणे वाटते.

रक्त यकृतात तयार होते आणि शरीरभर पसरून तेथेच खर्च होते, ही दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यांची शिकवण युरोपात शतकानुशतके प्रमाण मानली जात होती. इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये ती साध्या हिशेबाने खोडून काढली. आजचे आकडे घेऊन हा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७० वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर आणि तासाला सुमारे ३०० लिटर रक्त हृदयातून बाहेर पडते. शरीरात एकूण रक्तच ५ लिटरच्या आसपास असताना, खाल्लेल्या अन्नापासून तासाला ३०० लिटर नवे रक्त तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे. दंड आवळून बांधल्यावर फुगणाऱ्या शिरांमधील झडपा रक्ताला हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हेही हार्वेंनी दाखवून दिले. मात्र धमन्यांतील रक्त शिरांत नेमके कोठून शिरते, हे त्यांना दाखवता आले नाही. १६५७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा हा दुवा अज्ञातच होता.

तो १६६१ मध्ये इटलीतील मार्चेल्लो माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सापडला. बेडकाचे फुप्फुस म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक पिशवी असल्याने तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि आतील रक्तवाहिन्यांचे जाळे स्पष्ट दिसते. रक्त मोकळ्या पोकळीत सांडत नाही, तर अतिसूक्ष्म नळ्यांमधूनच पुढे जाते, हे माल्पिगींनी पाहिले. या शोधाचे श्रेय भिंगाइतकेच योग्य प्राण्याच्या निवडीलाही दिले पाहिजे.

या नळ्या, म्हणजेच केशवाहिन्या, हार्वेंना का दिसल्या नाहीत, याचे उत्तर मापात आहे. साधारण ०.१ मिलिमीटरहून लहान वस्तू नुसत्या डोळ्यांना वेगळी ओळखता येत नाही. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मानवी तांबड्या रक्तपेशीचा ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. सूक्ष्मदर्शकात १० पट नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) आणि ४० पट वस्तुभिंग (वस्तूजवळचे भिंग) वापरल्यास एकूण विवर्धन ४०० पट होते आणि हीच पेशी सुमारे ३ मिलिमीटरची भासते. अरुंद केशवाहिनीतून जाताना तांबड्या पेशीला एकेकटीने, अंग दुमडून पुढे सरकावे लागते. तिला केंद्रक नसते आणि तिचा आकार दोन्ही बाजूंनी खोलगट असतो, ही पाठांतराची वाक्ये येथे अर्थपूर्ण होतात: केंद्रक नसल्याने ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला अधिक जागा मिळते, तर खोलगट आकारामुळे पृष्ठभाग वाढतो आणि लवचीकता येते. बेडकाच्या लंबगोल, आकाराने मोठ्या तांबड्या पेशीत मात्र केंद्रक असते. प्रयोगशाळेत दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून हा फरक अवश्य पाहावा.

केशवाहिनीची भिंत चपट्या पेशींच्या एकाच थराची असते. ऑक्सिजन तिच्यातून विसरणाने, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, बाहेर पडतो, आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतर १० पट झाले की वेळ १०० पट लागतो. त्यामुळे शरीरातील बहुतेक पेशी एखाद्या केशवाहिनीपासून ०.१ मिलिमीटरच्या आतच असतात. डोळ्याचा पारपटल, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या बाजूचा पारदर्शक पडदा, याला ठळक अपवाद आहे. पारदर्शक राहण्यासाठी त्याच्यात रक्तवाहिन्या नसतात, आणि डोळे उघडे असताना त्याच्या पेशींना बराचसा ऑक्सिजन अश्रूंच्या थरात विरघळलेल्या हवेतून थेट मिळतो.