इन आणि एक्झिस्ट्स (सबक्वेरी ऑपरेटर)

एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत एका क्वेरीच्या (प्रश्नाच्या) पोटात दुसरी क्वेरी लिहिता येते. तिला सबक्वेरी म्हणतात. आतल्या क्वेरीचे उत्तर पाहून बाहेरच्या टेबलातली रो (ओळ) ठेवायची की गाळायची हे ठरवणाऱ्या ऑपरेटरांपैकी इन, एक्झिस्ट्स आणि त्यांची नकारार्थी रूपे, नॉट इन आणि नॉट एक्झिस्ट्स, सर्वाधिक वापरात आहेत. इन बाहेरचे मूल्य आतल्या यादीत आहे का ते पाहतो, एक्झिस्ट्स आतल्या क्वेरीतून एखादी तरी रो येते का ते. यांतला कोणता निवडावा याची चर्चा बहुधा वेगावरून सुरू होते. पण आधी उत्तर बरोबर येते का ते पाहायला हवे, आणि नेमका तिथेच नॉट इन दगा देतो.

एका वाचनालयाच्या ‘सभासद’ टेबलात 1, 2 आणि 3 क्रमांकाचे सभासद आहेत. ‘देवघेव’ टेबलात तीन नोंदी आहेत: एक 1 ची, एक 2 ची, आणि तिसरीत सभासद क्रमांक भरायचाच राहिला, म्हणजे तिथे नल (मूल्य नसल्याची खूण) आहे. 3 क्रमांकाच्या नावावर एकही नोंद नाही हे नुसत्या नजरेने कळते. तरी ‘देवघेव’मध्ये नसलेले सभासद कोणते, असे नॉट इनने विचारले तर एकही रो हाती लागत नाही. कारण 3 हा 1 नाही, 2 नाही, इथवर ठीक. पण 3 हा नल नाही का, याचे उत्तर एसक्यूएलच्या तीनमूल्यी तर्कशास्त्रात ‘अज्ञात’ येते, आणि क्वेरीतली अट सांगणारा वेअर फक्त ‘सत्य’ ठरलेल्या रो पुढे सोडतो. नोंदी लाखभर असोत, एक नल पुरतो. एररही येत नाही, त्यामुळे रिकाम्या यादीवर सहज विश्वास बसतो. नॉट एक्झिस्ट्स मात्र जुळणारी रो आहे की नाही एवढेच बघतो. नल कशाशीच जुळत नाही, म्हणून 3 बरोबर येतो. आतल्या कॉलमवर नॉट नल (रिकामे मूल्य न चालणारे) बंधन नसेल, तर नॉट एक्झिस्ट्सच लिहावा.

‘आतले टेबल लहान असेल तर इन, मोठे असेल तर एक्झिस्ट्स’ हा सल्ला जुन्या ऑप्टिमायझरांच्या, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागांच्या, काळातला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 5.6 च्या आधी इनमधली सबक्वेरी अनेकदा बाहेरच्या प्रत्येक रोमागे पुन्हा पुन्हा चालवली जाई. 2013 मध्ये आलेल्या 5.6 ने तिचा सेमी-जॉइन (आत जुळणी असलेल्या बाहेरच्या रो एकेकदाच देणारी जोडणी) करायला सुरुवात केली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सेमी आणि अँटी-जॉइन (आत जुळणी नसलेल्या रो देणारी जोडणी) 2009 च्या 8.4 पासून आहेत. त्यामुळे होकारार्थी इन आणि एक्झिस्ट्स यांचा प्लॅन (क्वेरी चालवण्याची योजना) आज बहुतेक वेळा एकच निघतो. जे वाचायला सोपे ते लिहावे. नकारात फरक उरतो. पोस्टग्रेसच्या 17 पर्यंतच्या आवृत्त्यांत नॉट एक्झिस्ट्सचा अँटी-जॉइन होतो, नॉट इनचा होत नाही. आतली यादी वर्क मेम या सेटिंगवरून ठरणाऱ्या मेमरीत मावली तर तिचे हॅश टेबल (झटपट शोधता येणारी यादी) बनते. वर्क मेमचे मूळ सेटिंग 4 एमबीचे आहे. नाही मावली तर बाहेरच्या प्रत्येक रोसाठी ती यादी वाचली जाते, आणि सेकंदांचे काम तासांवर जाते. ओरॅकल या डेटाबेसने 11जी आवृत्तीमध्ये नल सांभाळणारा अँटी-जॉइन आणून हा त्रास कमी केला. आपल्या डेटावर काय घडते ते एक्सप्लेन ही प्लॅन दाखवणारी आज्ञा चालवून दिसते.

सबक्वेरीचे एनी आणि ऑल हे ऑपरेटर क्वचितच दिसतात. इन म्हणजे ‘= एनी’, नॉट इन म्हणजे ‘<> ऑल’.

इनचा आणखी एक धोका कॉलमच्या नावातून येतो. ‘देवघेव’मध्ये ‘सभासद_क्र’ कॉलम आहे, पण आत चुकून ‘क्र’ लिहिले गेले. तो तिथे नाही, म्हणून डेटाबेस बाहेरच्या ‘सभासद’मधला ‘क्र’ घेतो; प्रत्येक रो स्वतःशीच जुळते. क्वेरी डिलीटची असेल तर सगळे सभासद पुसले जातात. आतल्या प्रत्येक कॉलमपुढे टेबलाचे टोपणनाव लिहिले असते, तर हीच क्वेरी ‘असा कॉलम नाही’ म्हणून जागीच थांबली असती.